घरच्यांनीच पाडलं: न्यूयॉर्क, १८८४

१८८४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालातून न्यूयॉर्क राज्य बाजूला काढून बेरीज केली, तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्रोव्हर क्लीव्हलंडची इलेक्टोरल मतं (म्हणजे राज्याराज्यांतून निवडून येणाऱ्या, अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टरांची मतं) भरतात १८३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या जेम्स ब्लेनची १८२. जिंकायला लागत होती २०१. न्यूयॉर्ककडे ३६ होती, आणि राज्यात जो पुढे राहील त्याच्या पदरात ती सगळीच्या सगळी पडणार होती. उरलेल्या ३७ राज्यांनी मिळून लावलेला निकाल म्हणजे जवळजवळ बरोबरी. अध्यक्ष कोण, हे एकट्या न्यूयॉर्कने ठरवलं.

तेही कसं? साधारण ११ लाख ६७ हजार मतं पडली आणि क्लीव्हलंड अकराशेच्या आसपास मतांनी पुढे राहिला. काही तक्त्यांत हा फरक १,०४७ दिलेला आहे, काहींत १,१४९. मतदार थेट उमेदवाराला नव्हे, तर पक्षाच्या ३६ इलेक्टरांच्या यादीला मत देत. प्रत्येक इलेक्टरची मतं थोडी वेगळी भरत, आणि त्यातली कुणाची धरायची यावर आकडा हलत असे. कुठलाही धरा, हजारात एक एवढाच फरक. सहाशे माणसांनी ऐनवेळी चिठ्ठी बदलली असती, तर ब्लेन २१८ वर गेला असता आणि यादवी युद्धाच्या आधीपासून सत्तेबाहेर असलेला डेमोक्रॅटिक पक्ष आणखी चार वर्षं बाहेरच राहिला असता.

इतक्या थोडक्यात गेलेली निवडणूक असली की कारणं सांगणाऱ्यांची रांग लागते. या निवडणुकीचं सर्वांत गाजलेलं कारण म्हणजे एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या तोंडून निसटलेलं एक वाक्य. माझ्या मते तो कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्यातला प्रकार आहे. फांदी चार वर्षांपासून पोखरली जात होती, आणि पोखरणारे बहुतेक सगळे रिपब्लिकन पक्षातलेच होते. पण ते वाक्य एवढं प्रसिद्ध आहे की आधी तिथूनच जावं लागेल.

फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलातली सकाळ

२९ ऑक्टोबर १८८४, बुधवार. मतदानाला सहा दिवस उरलेले. ब्लेन नुकताच मध्य-पश्चिमेतला दौरा आटपून न्यूयॉर्क शहरात आला होता. सहा आठवडे आगगाडीने फिरून त्याने चारशेच्या वर लहानमोठी भाषणं ठोकली होती. उमेदवाराने स्वतः गावोगाव फिरून मतं मागणं त्या काळी फारसं शिष्टसंमत नव्हतं. क्लीव्हलंडने तर जेमतेम दोन-तीन भाषणं केली. ब्लेन दमून गेला होता, पण न्यूयॉर्क सोडून चालणार नव्हतं.

सकाळी फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलात प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांचा मोठा मेळावा त्याला पाठिंबा द्यायला जमला. ज्यांनी बोलायचं ठरलं होतं ते आलेच नाहीत, म्हणून वयाने ज्येष्ठ असलेल्या रेव्हरंड सॅम्युअल बर्चर्ड या प्रेस्बिटेरियन पाद्र्याला पुढे करण्यात आलं. बोलता बोलता तो म्हणाला, आम्ही रिपब्लिकन आहोत. आमचा पक्ष सोडून, ज्याची पूर्वपीठिकाच ‘रम, रोमॅनिझम अँड रिबेलियन’ अशी आहे त्या पक्षाशी सोयरीक करण्याचा आमचा इरादा नाही.

रम म्हणजे सलूनवाले. रिबेलियन म्हणजे यादवी युद्धातलं दक्षिणेचं बंड. आणि रोमॅनिझम म्हणजे पोपला मानणारे कॅथलिक, अर्थात न्यूयॉर्क शहरातले आयरिश. गंमत अशी की ब्लेनची स्वतःची आई कॅथलिक होती. इंग्लंडविरुद्ध कडक भाषा वापरणारा नेता म्हणून आयरिश लोकांत त्याला चाहतेही होते; पॅट्रिक फोर्डच्या ‘आयरिश वर्ल्ड’ या पत्राने त्यालाच पाठिंबा दिला होता. पिढ्यान्पिढ्या डेमोक्रॅटांची गठ्ठा मतं समजली जाणारी ही वस्ती थोडी जरी फुटली असती, तर न्यूयॉर्क राज्य ब्लेनच्या खिशात होतं.

ब्लेनने ते वाक्य ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, यावर पुढे बराच खल झाला. उत्तरादाखल बोलताना त्याने त्याचा उल्लेख केला नाही, एवढं खरं. डेमोक्रॅटांच्या प्रचाराची सूत्रं मेरीलंडचा सिनेटर आर्थर गॉर्मन याच्या हातात होती, आणि ब्लेनच्या सभांना त्यांचा लघुलेखक हजर असे. टिपण गॉर्मनपर्यंत पोचलं. मग पत्रकं छापली गेली आणि रविवारी, २ नोव्हेंबरला, कॅथलिक चर्चच्या दारांत वाटली गेली. काही पत्रकांत तर ते शब्द थेट ब्लेनच्याच तोंडी घातले होते. ब्लेनने शनिवारी न्यू हेवनच्या भाषणात हात झटकले होते, पण तीन दिवस गेल्यावर केलेला खुलासा तीन शब्दांच्या घोषणेला कधी गाठत नाही.

त्याच बुधवारी रात्री दुसरी चूक झाली, आणि ती पाद्र्याची नव्हती. डेल्मोनिको या शहरातल्या सगळ्यांत महागड्या खाणावळीत ब्लेनसाठी मेजवानी ठेवलेली होती. जे गुल्ड, रसेल सेज, सायरस फील्ड अशी रेल्वे आणि शेअरबाजारातली मातबर मंडळी पंगतीला. मे महिन्यात वॉल स्ट्रीटवर बँका आणि पेढ्या कोसळल्या होत्या. माजी अध्यक्ष ग्रँटचा पैसाही त्यातच बुडाला. हाताला काम नसलेले लोक रस्त्यावर होते. अशा वेळी ही पंगत. दुसऱ्या दिवशी जोसेफ पुलित्झरच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने पहिल्या पानाच्या आडव्या रुंदीभर वॉल्ट मॅकडूगलचं व्यंगचित्र छापलं. बायबलमधल्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीसारखी पंगत बसली आहे, मधोमध ब्लेन, ताटांत ‘मक्तेदारी सूप’, ‘लॉबी पुडिंग’ असे पदार्थ, आणि पुढ्यात हात पसरून उभं असलेलं एक भुकेलं कुटुंब. पुलित्झरने हे पत्र वर्षभरापूर्वीच विकत घेतलं होतं, आणि घेतलं होतं कुणाकडून, तर याच जे गुल्डकडून.

एका दिवसात दोन घाव. गोष्ट म्हणून हे इतकं नीटनेटकं आहे की तिथेच थांबावंसं वाटतं. पण आकडे थांबू देत नाहीत.

चार वर्षांपूर्वीची वही

१८८० मध्ये याच राज्यात रिपब्लिकन जेम्स गारफिल्डला ५,५५,५४४ मतं होती आणि डेमोक्रॅट विनफिल्ड हॅनकॉकला ५,३४,५११. आघाडी एकवीस हजारांची. १८८४ मध्ये ब्लेनला मिळाली साधारण ५,६२,०००. म्हणजे गारफिल्डपेक्षा साडेसहा हजार जास्तच! ब्लेनची मतं घटली म्हणून तो पडला, हे म्हणणं इथेच गळून पडतं. एकूण मतदान साठ हजारांहून जास्त वाढलं आणि त्या वाढीतलं ब्लेनच्या वाट्याला फारच थोडं आलं, हे खरं दुखणं. क्लीव्हलंड ५,६३,००० वर गेला, हॅनकॉकपेक्षा अठ्ठावीस हजारांहून अधिक.

आता तिसरा रकाना. दारूबंदीवाल्या प्रोहिबिशन पक्षाला १८८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात दीड हजाराच्या आसपास मतं होती. १८८४ मध्ये त्यांचा उमेदवार जॉन सेंट जॉन याने पंचवीस हजार घेतली.

आणि शहराचं काय? बर्चर्डच्या वाक्याने कुठे नुकसान व्हायचं तर ते आयरिश वस्तीच्या न्यूयॉर्क शहरात. तिथे क्लीव्हलंडची आघाडी सुमारे ४३ हजारांची होती. १८८० मध्ये हॅनकॉकचीही तिथे ४० हजारांच्या वर होती. वाढलेलं मतदान लक्षात घेतलं, तर शहर जिथल्या तिथे उभं होतं. बर्चर्ड बोलला नसता तर ब्लेनने आयरिश मतं आणखी ओढली असती, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही; अकराशेच्या खेळात काहीच टाकाऊ नसतं. पण एकवीस हजारांची आघाडी आधी धुऊन निघाली होती, म्हणून तर एका वाक्याला अकराशे मतांची किंमत आली. ती आघाडी कुणी धुतली?

पहिलं भगदाड: युटिकाचा वकील

न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन पक्षात कॉन्कलिंगशिवाय पान हलत नसे, असा एक काळ होता. रॉस्को कॉन्कलिंग, ओनायडा काउंटीतल्या युटिकाचा. उंच, देखणा, चालण्यात ऐट. १८६६ मध्ये प्रतिनिधिगृहात ब्लेनने त्याच्या या ऐटीची टर उडवताना त्याची चाल टर्की कोंबड्यासारखी असल्याचं भर सभेत सांगितलं. व्यंगचित्रकारांनी ती उपमा उचलली आणि कॉन्कलिंगच्या मागे ती कायमची लागली. त्यानंतर दोघे एकमेकांशी धड बोलले नाहीत.

पुढे याला गटबाजीचा रंग चढला. १८८१ मध्ये गारफिल्ड अध्यक्ष आणि ब्लेन परराष्ट्रमंत्री असताना, न्यूयॉर्क बंदराच्या कलेक्टरपदावर कॉन्कलिंगच्या विरोधकाची वर्णी लागली. बंदराचं जकात खातं म्हणजे शेकडो नोकऱ्या, आणि त्या नोकऱ्यांवर पोसलेले कार्यकर्ते. कॉन्कलिंगने तडकाफडकी सिनेटचा राजीनामा फेकला. ऑल्बनीतलं विधिमंडळ आपल्यालाच परत निवडून पाठवील असा त्याचा होरा होता. विधिमंडळाने त्याला घरी बसवलं. गारफिल्डवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो गेला, आणि अध्यक्ष झाला चेस्टर आर्थर, कॉन्कलिंगच्याच तालमीत वाढलेला न्यूयॉर्ककर. जून १८८४ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात आर्थरला पुन्हा उमेदवारी हवी होती. चौथ्या फेरीत ती ब्लेनने घेतली.

म्हणजे राज्यातला एक अख्खा गट, ज्याचा नेता घरी बसवला गेला आणि ज्याचा विद्यमान अध्यक्ष डावलला गेला, त्याने आता ब्लेनसाठी राबायचं होतं. या गटबाजीची किंमत पक्षाने एकदा मोजलीही होती: १८८२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत आर्थरचा अर्थमंत्री चार्ल्स फोल्जर उभा राहिला आणि ब्लेनकडे झुकणारे रिपब्लिकन घरात बसून राहिले. तेव्हा बफलोचा नवखा महापौर ग्रोव्हर क्लीव्हलंड १ लाख ९२ हजार मतांनी निवडून आला होता. पडझड कशी होते हे दोन वर्षांपूर्वी डोळ्यांदेखत झालेलं असताना पक्षाने त्यातून काही शिकू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

ब्लेनच्या प्रचाराला येता का, असं विचारायला लोक कॉन्कलिंगकडे गेले. तोवर तो वकिलीत स्थिरावला होता. ‘नको, मी फौजदारी खटले घेत नाही,’ असं त्याने उत्तर दिल्याचं सांगतात. गारफिल्डला १८८० मध्ये आघाडी देणारी ओनायडा काउंटी या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या फरकाने क्लीव्हलंडकडे झुकली.

दुसरं भगदाड: ‘हे पत्र जाळून टाका’

कॉन्कलिंगचं भांडण खुर्चीचं होतं. दुसऱ्या गटाच्या नाराजीचं कारण होतं ब्लेनचा पैशांचा हिशेब. लिटल रॉक अँड फोर्ट स्मिथ या रेल्वेचे रोखे विकण्यात ब्लेनने प्रतिनिधिगृहाच्या सभापतिपदाचा वापर करून दलाली खाल्ली, हा आरोप १८७६ पासून त्याच्या मागे होता. वॉरन फिशर या बोस्टनच्या व्यापाऱ्याला त्याने लिहिलेली पत्रं फिशरच्या जुन्या हिशेबनिसाकडे, जेम्स मलिगनकडे होती. तेव्हा ब्लेनने ती मलिगनकडून ताब्यात घेतली, सभागृहात उभं राहून त्यातले निवडक उतारे वाचून दाखवले आणि टाळ्या घेऊन सुटला.

सप्टेंबर १८८४ मध्ये आणखी पत्रं बाहेर आली. त्यातलं एक वाचण्यासारखं आहे. ब्लेनने स्वतःला निर्दोष ठरवणारं प्रमाणपत्र स्वतःच लिहून फिशरला धाडलं होतं: याची स्वच्छ नक्कल करून, तुमची सही ठोकून, मला परत पाठवा. आणि शेवटी सूचना, हे पत्र जाळून टाका. फिशरने जाळलं नाही. मग काय, डेमोक्रॅटांच्या मिरवणुकांत लोक कागद पेटवून ‘जाळा, जाळा, हे पत्र जाळा’ असं तालावर ओरडत चालू लागले.

हे सहन न झालेले रिपब्लिकन उघडपणे क्लीव्हलंडकडे गेले. त्यांना टिंगलीने मगवंप म्हणत. कार्ल शुर्झ, जॉर्ज विल्यम कर्टिस, ‘ईव्हनिंग पोस्ट’चा गॉडकिन, थॉमस नास्टच्या व्यंगचित्रांचं ‘हार्पर्स वीकली’, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ही, जे तोवर रिपब्लिकन पक्षाचं वृत्तपत्र होतं. ब्रुकलिनमधून हेन्री वॉर्ड बीचरसारखा नामांकित धर्मोपदेशक क्लीव्हलंडच्या बाजूने बोलत होता. एका बर्चर्डचं वाक्य सगळ्यांना आठवतं. बीचर क्लीव्हलंडकडे होता हे फार कमी जणांना.

सगळेच नाराज मात्र गेले नाहीत. न्यूयॉर्क विधिमंडळातला पंचविशीतला थिओडोर रूझवेल्ट शिकागोत ब्लेनविरुद्ध जिवाचं रान करून आला होता, पण नाक मुठीत धरून पक्षातच राहिला. मगवंपांनी त्याला पळपुटा ठरवलं. सतरा वर्षांनी तो अध्यक्ष झाला. मगवंपांपैकी कुणी झाला नाही.

संख्येने हे मगवंप किती होते याचा हिशेब लागत नाही. पण त्या काळची मतदानाची पद्धत ध्यानात घेतली, तर घराण्याने रिपब्लिकन असलेल्या माणसाला डेमोक्रॅटला मत देणं किती जड जात असेल ते कळतं. सरकारी मतपत्रिका नव्हती. प्रत्येक पक्ष स्वतःची चिठ्ठी छापी, मतदानाच्या जागेबाहेर त्याचे कार्यकर्ते ती वाटत आणि मतदार ती घेऊन पेटीत टाकी. कुणाच्या हातून चिठ्ठी घेतली हे शेजारीपाजारी बघत. ऑल्बनीच्या पश्चिमेकडच्या एखाद्या खेड्यात, जिथे चर्चला जाणारा प्रत्येक जण रिपब्लिकन, तिथे डेमोक्रॅट कार्यकर्त्यापुढे हात पसरायचा म्हणजे गावात तोंड दाखवायची पंचाईत. पण त्याच खेड्यात दारूबंदीची चिठ्ठी घ्यायला कुणाची लाज वाटणार?

तिसरं भगदाड, आणि सगळ्यांत मोठं

जॉन सेंट जॉन हा मुळात रिपब्लिकन, कॅन्ससचा दोन वेळा गव्हर्नर झालेला. त्याच्याच कारकिर्दीत १८८० मध्ये कॅन्ससने राज्यघटनेत दारूबंदी घातली. १८८४ च्या शिकागो अधिवेशनात फ्रान्सिस विलार्ड दारूबंदीवादी स्त्रियांच्या संघटनेतर्फे निवेदन घेऊन गेली. पक्षाच्या जाहीरनाम्यात दोन ओळी तरी घाला, एवढीच मागणी. पक्षाने ढुंकून पाहिलं नाही. जर्मन मतदार बिअरवाले, त्यांना दुखवायचं नव्हतं. सेंट जॉन स्वतंत्र पक्षाकडून उभा राहिला, आणि शेवटच्या आठवड्यांत त्याने मुक्काम ठोकला तो न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर आणि पश्चिम भागात, म्हणजे रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यात. माघार घ्यावी म्हणून त्याची मनधरणी झाली. तो बधला नाही. आपण जिंकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणाला पाडायचं हेही.

पंचवीस हजार मतं. यातली निम्मी जरी एरवी रिपब्लिकनांची धरली, तरी बर्चर्ड, डेल्मोनिको आणि मतदानाच्या दिवशी राज्याच्या वरच्या भागात पडलेला पाऊस हे सगळं मिळून त्यात बुडून जातं. रिपब्लिकन कार्यकर्त्यांना हे नीट कळलं होतं. निकालानंतर गावोगाव त्यांनी जाळले ते पुतळे बर्चर्डचे नव्हते, सेंट जॉनचे होते. कॅन्ससने त्याच्या नावाची एक काउंटी केली होती. काही वर्षांतच तिचं नाव बदलून लोगन ठेवण्यात आलं. हा जॉन लोगन म्हणजे १८८४ मध्ये ब्लेनबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभा असलेला माणूस! राजकारणात सूड उगवायलाही नकाशा लागतो.

डेमोक्रॅटांचं घर शाकारलेलं होतं का?

तसं मुळीच नाही. न्यूयॉर्क शहरातली डेमोक्रॅटांची टॅमनी हॉल ही संघटना आणि तिचा म्होरक्या जॉन केली क्लीव्हलंडच्या नावाने बोटं मोडत होते. गव्हर्नर झाल्यावर त्याने त्यांच्या माणसांना दारात उभं केलं नव्हतं. अधिवेशनात टॅमनीवाले क्लीव्हलंडविरुद्ध आरडाओरडा करत असताना विस्कॉन्सिनचा जनरल ब्रॅग म्हणाला, त्याने जोडलेल्या शत्रूंमुळेच लोक त्याच्यावर प्रेम करतात. वाक्य टाळ्यांचं होतं, पण टाळ्यांनी टॅमनीची मतं मिळत नाहीत. शेवटी उपाध्यक्षपदाचा उमेदवार टॉमस हेंड्रिक्स स्वतः न्यूयॉर्कला येऊन केलीची समजूत घालून गेला.

नशीबही त्यांच्या बाजूने होतं. त्याच दिवशी शहराच्या महापौराची निवडणूक होती. टॅमनीचा ह्यू ग्रँट आणि डेमोक्रॅटांच्या दुसऱ्या गटाचा विल्यम ग्रेस एकमेकांविरुद्ध उभे. दोन्ही गटांनी आपापला माणूस निवडून आणायला घराघरातून मतदार बाहेर काढले, आणि दोघांच्याही चिठ्ठ्यांवर वरचं नाव एकच, क्लीव्हलंड. जिंकला ग्रेस. भांडण क्लीव्हलंडच्या पथ्यावर पडलं.

बेंजामिन बटलर हा दुसरा काटा. कामगार आणि मक्तेदारीविरोधकांच्या नावाने उभा, आणि डेमोक्रॅटांची कामगार मतं खावीत म्हणून त्याला रिपब्लिकनांकडून रसद पोचत होती. गव्हर्नर असताना क्लीव्हलंडने उन्नत रेल्वेचं भाडं पाच सेंटांवर आणणारं विधेयक करारभंग होतो म्हणून फेटाळलं होतं, त्यामुळे कामगारांत राग होताच. तरी बटलरला राज्यात मिळाली सतरा हजार. मागच्या खेपेला तशाच, कामगार आणि कागदी चलनवाल्या ग्रीनबॅक पक्षाच्या उमेदवाराला बारा हजारांवर होती. पाच हजारांचं नुकसान. सेंट जॉनने केलं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

राहिलं क्लीव्हलंडचं खासगी प्रकरण. बफलोतल्या एका विधवेपासून झालेलं मूल आपलं असण्याची शक्यता त्याने नाकारली नाही, त्या मुलाचा खर्च उचलला होता, आणि जुलैत स्थानिक पत्राने हे छापल्यावर आपल्या माणसांना कळवलं की खरं तेच सांगा. मगवंपांनी त्यावर आपली सोय करून घेतली: ब्लेन सार्वजनिक व्यवहारात लबाड आणि घरी सज्जन, क्लीव्हलंड सार्वजनिक व्यवहारात चोख, मग ज्याला जिथे ठेवणं शोभतं तिथे ठेवू. त्या विधवेची बाजू या चतुर वाक्यात कुठेच नाही. तिचं मूल तिच्यापासून तोडून अनाथाश्रमात धाडलं गेलं होतं.

मोजणी

४ नोव्हेंबरची रात्र संपली तरी न्यूयॉर्कचा निकाल लागेना. व्हाइटलॉ रीडचा ‘ट्रिब्यून’ ब्लेनला विजयी घोषित करत राहिला. बातम्या वाहणाऱ्या वेस्टर्न युनियन तार कंपनीवर जे गुल्डचा ताबा. आकडे मुद्दाम दाबून ठेवले जात आहेत अशी आवई उठली. डेमोक्रॅटांच्या मनात १८७६ ताजं होतं. तेव्हा न्यूयॉर्कचाच सॅम्युअल टिल्डन देशभरात जास्त मतं मिळवूनही हरला होता. कंपनीच्या इमारतीबाहेर जमाव गोळा झाला आणि गुल्डला झाडाला लटकवू अशी गाणी म्हणू लागला. ऑल्बनीत गव्हर्नर म्हणून बसलेला क्लीव्हलंड आणि त्याची माणसं काउंटी-काउंटीतल्या पेट्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होती. शुक्रवारी गुल्डने क्लीव्हलंडला अभिनंदनाची तार केली तेव्हा हवा बदलली; महिन्याच्या मध्यावर अधिकृत बेरीज झाली.

बटलरची मतं ब्रुकलिनच्या बाजूला क्लीव्हलंडच्या खात्यात घातली गेली, असा आरोप बटलर पुढेही करत राहिला. पक्षानेच चिठ्ठी छापायची आणि पक्षाच्याच माणसांनी मोजायची, या पद्धतीत अकराशे मतं इकडची तिकडे होणं अशक्य नव्हतं. न्यूयॉर्कने सरकारी मतपत्रिकेकडे पहिलं पाऊल टाकलं ते १८९० मध्ये.

ब्लेनने एका मित्राला लिहिलं की त्या दिवशी उघाड असती आणि डॉ. बर्चर्ड दूर आशियात धर्मप्रसार करत असते, तर आपण न्यूयॉर्क दहा हजारांनी जिंकलो असतो. पाऊस आणि पाद्री. कॉन्कलिंग नाही, सेंट जॉन नाही, फिशरला धाडलेलं पत्र तर नाहीच.

बर्चर्डची गोष्ट खरी मानून पुढच्या खेपेला रिपब्लिकनांनी तोच डाव उलटा टाकला. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रिपब्लिकनाने मर्चिसन या खोट्या नावाने ब्रिटिश राजदूत सॅकव्हिल-वेस्टला पत्र लिहून विचारलं, आम्ही मत कुणाला द्यावं? राजदूताने भोळेपणाने क्लीव्हलंडची तरफदारी केली, आणि मतदानाच्या तोंडावर ते उत्तर छापून आयरिश मतदारांपुढे नाचवण्यात आलं. त्या वर्षी बेंजामिन हॅरिसनने न्यूयॉर्क चौदा हजारांनी जिंकलं. क्लीव्हलंडला देशभरात जास्त मतं होती, तरी खुर्ची गेली. दारूबंदीवाल्यांनी या वेळीही राज्यात तीस हजार मतं घेतली होती, पण उरलेले रिपब्लिकन आता एकत्र होते. आणि त्याच राज्यात, त्याच दिवशी, डेमोक्रॅट पक्षाचा डेव्हिड हिल गव्हर्नरपदावर १९ हजारांनी निवडून आला. हिल आणि क्लीव्हलंड यांचं पटत नव्हतं.